एसटीपीचा गाळ: गॅस करावा की प्लास्टिक?

नगरपंचायतीच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून (एसटीपी) रोज 100 किलो सेंद्रिय गाळ (कोरडं वजन) निघतो असं धरू.

गॅसचा हिशेब सोपा आहे. बंद टाकीत 20-25 दिवस मुक्काम आणि रोज साधारण 25 घनमीटर गॅस, म्हणजे 11 किलो एलपीजीइतकी उष्णता. डिसेंबरात रात्री पारा उतरला की गॅस घटतो, म्हणून टाकी जमिनीत पुरलेली बरी. लाइट गेली तरी काही बिघडत नाही. उरलेल्या स्लरीचं खत होतं. मात्र सांडपाण्यात कारखान्याचं पाणी मिसळत असेल तर जड धातू तपासल्याशिवाय शेतात टाकू नका.

प्लास्टिक म्हणजे पीएचए (पॉलिहायड्रॉक्सीअल्कानोएट). जिवाणू ते चरबीसारखं अंगात साठवतात. आधी गाळ 35 अंशांवर 4 ते 6 दिवस आंबवून त्याची आम्लं करायची. सामू (pH) 10 च्या आसपास ठेवला की मिथेन करणारे जिवाणू दबतात. नाहीतर तेच ही आम्लं फस्त करतात.

खरी कसोटी पुढच्या टाकीत लागते. 12 तासांच्या फेरीत जिवाणूंना आम्ल एकदाच द्यायचं, मग उपाशी ठेवायचं. साठवणारे टिकतात, बाकीचे मागे पडतात. पाण्यातला ऑक्सिजन मोजणाऱ्या मीटरवर नजर ठेवा: आम्ल पडताच आकडा खाली बसतो, संपताच एकदम वर उडतो. ही उडी पहिल्या तीन तासांत यायला हवी. मे महिन्यात पाणी तापलं की मुळात ऑक्सिजनच कमी विरघळतो, त्यामुळे उडी बुटकी दिसते. आणि फेरी चालू असताना लाइट जाऊन पाण्यात हवा सोडणारा ब्लोअर बंद पडला तर निवडीची घडी मोडते. आमच्या मते खेड्यात घोडं इथंच अडतं.

दुसरी अडचण नायट्रोजनची. गाळ आंबताना अमोनिया सुटतो आणि जिवाणू साठवण सोडून वाढीला लागतात. शेवटी 100 किलो गाळामागे हाती येतं जेमतेम 4-5 किलो पीएचए. ते पेशींतून काढायला क्लोरोफॉर्म लागतो, तो विषारी. हायपोक्लोराइट (ब्लीचचं द्रावण) वापरलं तर प्लास्टिकच्या साखळ्या तुटून माल कमजोर होतो.

म्हणून नुसता मैल्याचा गाळ असेल तर गॅसच करा. डेअरीचं किंवा संत्रा प्रक्रियेचं धुवण मिळत असेल, चोवीस तास लाइट असेल आणि खरेदीदाराने लेखी हमी दिली असेल, तरच पीएचएचा विचार करा; तोही आधी 200 लिटरच्या ड्रममध्ये. दोन महिन्यांत ती उडी तीन तासांच्या आत आली नाही, तर मोठ्या टाकीचं टेंडर काढू नका.