म्हापशातलं पाटी नसलेलं बाइंडिंगचं दुकान

म्हापशाच्या बाजारपेठेत एक बाइंडिंगचं दुकान आहे, ज्याला पाटी नाही. आत दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने पायरीवर थांबायचं, एवढीच जागा. बी.ए.च्या शेवटच्या वर्षी आमचे प्रोजेक्ट काळ्या रेक्झिनमध्ये तिथेच बांधले होते. त्यानंतर तिकडे पुन्हा जायचं काही काम निघेल असं वाटलं नव्हतं. या जूनमध्ये निघालं, आणि ज्या कोणाला घरातली एखादी वही, पत्रं, आजीच्या पाककृती, काहीही जपून बांधून घ्यायचं असेल त्याच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी काम काय होतं ते सांगते. वर्गात आम्ही तिघी एकाच नावाच्या होतो. हजेरी घेताना सर नावापुढे गाव जोडायचे, आणि तेच चिकटलं: पेडण्याची, वाळपईची आणि मी डिचोलीची. कॉलेज संपल्यावर पेडण्याची मोपाच्या विमानतळावर कामाला लागली. तिची ड्युटी कधी पहाटेची, कधी रात्रीची. वाळपईची एका प्राथमिक शाळेत कंत्राटावर शिकवते आणि तिचं लग्न ठरलंय, कुडाळला. मी पर्वरीला एका ऑफिसात हिशेब बघते. तिघींचा रविवार एकत्र जुळायचा तर महिना महिना जातो. भेटलो की नुसत्या गप्पा मारून उठायचं नाही, हातात काहीतरी काम धरायचं, असं आम्ही दोन वर्षांपूर्वी ठरवलं.

ते काम म्हणजे गाणी. वाळपईच्या आजीला धालोची गाणी येतात. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते: पौषातल्या रात्री गावातल्या बायका मांडावर, म्हणजे धालोसाठी ठरलेल्या अंगणात, जमतात, समोरासमोर दोन रांगा करतात, एकमेकींच्या कमरेला हात घालून पुढे वाकत, मागे सरकत गातात. तिथे पुरुषांना मज्जाव असतो. सत्तरी, डिचोली, पेडणे, फोंडा या बाजूला धालो अजून होतात, पण सगळी गाणी शेवटपर्यंत येणारी बाई प्रत्येक वाड्यावर उरलेली नाही. आम्ही फोनवर रेकॉर्ड केलं, मग ऐकून ऐकून लिहून काढलं. पेडण्याच्या आईकडून चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, फुगड्यांची गाणी आली, माझ्या आईकडून थोडी. एकूण 41. काही शब्द कोंकणी, काही मराठी, काही दोन्हीच्या मधले. वाळपईची शिक्षिका असल्यामुळे तिला शुद्धलेखन नीट करायचं होतं. आजी म्हणाली, मी गाते तसंच लिही. तसंच लिहिलं. टायपिंग आम्ही पणजीला पाटोवरच्या सेंट्रल लायब्ररीत बसून केलं. 1832 सालापासून चालत आलेली ही लायब्ररी आहे, भिंतींवर मारियो मिरांडांची चित्रं आहेत, आणि टेबलं एवढी मोठी की तिघींचे कागद पसरले तरी कोणाला अडचण होत नाही. पेडण्याची चित्रकलेत हुशार. तिने लिनोवर (ठसे काढायच्या मऊ लिनोलियमवर) खोदून सहा चित्रं केली: मांड, तुळस, समई, फुगडी घालणाऱ्या दोघी, पाण्याची कळशी, आणि आजीचे हात.

पहिल्या वेळी आम्ही ते पुस्तक एका मोठ्या डिजिटल प्रिंटिंगवाल्याकडून छापून आणि बांधून घेतलं. त्याचं नाव इथे लिहीत नाही. दहा प्रती, प्रत्येकी 190 रुपये, दोन दिवसांत तयार, दिसायला अगदी विकतच्या पुस्तकासारख्या. जानेवारीत धालोच्या आधी वाळपईच्या घरी आजीच्या हातात पहिली प्रत दिली. आजीला वाचता येत नाही. तिची सून गाणं वाचून दाखवत होती आणि आजी कुठे चुकलंय ते सांगत होती. वाचायला पुस्तक सपाट राहीना, म्हणून आजीने ते मधोमध दाबलं. कडक् असा आवाज झाला आणि चार पानं सुटून खाली आली. आजीने ती एकेक उचलून मांडीवर ठेवली, आणि आता ही कुठली कुठे, असं विचारत राहिली. संध्याकाळपर्यंत आणखी दोन प्रतींचं तेच झालं. वाळपईची स्वयंपाकघरात जाऊन रडली. दोन वर्षं आम्ही प्रत्येक गाण्यामागे धावलो होतो.

म्हणून म्हापसा.

दुकानातल्या काकांनी (सगळे त्यांना बाइंडरकाकाच म्हणतात) आधी ती तुटलेली प्रत मागितली. पाठ उघडून दाखवली: सगळी पानं सुटी कापून नुसत्या गरम गोंदावर चिकटवलेली, दोरा कुठेच नाही. मग कागदाची एक पट्टी घेऊन ती उभी वाकवली, आडवी वाकवली. एका बाजूने ती सहज वळत होती, दुसऱ्या बाजूने अडत होती. कागदाला लाकडासारखा तंतू असतो, तो पुस्तकाच्या पाठीला समांतर हवा, म्हणजे पान आपणहून पडून राहतं. आमच्या प्रतीत तो आडवा होता. म्हणून पान उभं राहायचं, दाबावं लागायचं, आणि दाबलं की गोंद सुटायचा. आजीच्या हातून काही चुकलं नव्हतं. हे कळल्यावर मला किती हलकं वाटलं ते सांगता येणार नाही.

मग त्यांनी एक प्रश्न विचारला, जो आम्हाला तोवर कोणीच विचारला नव्हता. "बाय, हें पुस्तक उगडटलें कोण, आनी खंय?" म्हणजे उघडणार कोण आणि कुठे. आम्ही सांगितलं: जमिनीवर, अंगणात, पाच-सहा जणी वाकून बघणार, वाचणारीचे हात कधी मोकळे नसतात. त्यावर ते म्हणाले, मग जुजबंदीच हवी.

जुजबंदी म्हणजे शिवण. आमचं पुस्तक 96 पानांचं. चार ताव एकात एक घालून दुमडले की सोळा पानांचा एक फर्मा होतो, असे सहा फर्मे. प्रत्येक फर्मा घडीतून सुईदोऱ्याने शिवायचा आणि तोच दोरा पुढच्या फर्म्यात न्यायचा. त्यांनी आम्हाला ए-थ्री कागद आणायला सांगितला, तंतू तपासला, आणि मधोमध कापून दिला, म्हणजे छापून दुमडल्यावर तंतू पाठीला समांतर येतो. छपाई आम्ही दुसरीकडून करून आणली, ती ते करत नाहीत.

कव्हरसाठी आम्ही कापड घरून नेलं. आजीचं एक जुनं सुती लुगडं, पेडण्याच्या आईची चौकड्यांची साडी, माझ्या आईची निळी. तीन प्रती, तिघींच्या घरचं कापड. जुनं कापड थेट पुठ्ठ्यावर लावलं तर खळ आरपार येऊन डाग पडतो. म्हणून त्यांनी आधी कापडाला मागून पातळ कागद चिकटवला, वाळवला, मग पुठ्ठ्यावर चढवलं. खळ मैद्याची, दुकानातच शिजवलेली, त्यात मोरचूद (कॉपर सल्फेट). मोरचुदामुळे कसर आणि झुरळं लागत नाहीत. गोव्यातल्या घरात पुस्तक ठेवणाऱ्याला याची किंमत कळेल. आमच्या घरी पावसाळ्यात कपाटातल्या चपलांवरसुद्धा हिरवी बुरशी येते.

पेडण्याची त्यांच्याकडे शिवण शिकायला तीन वेळा जाऊन बसली, रात्रपाळी उतरून, झोप न घेता. काकांनी तिला हाडाची पट्टी हातात दिली आणि पहिला फर्मा दुमडायला लावला. घाई दिसली की म्हणायचे, "सवकास." तिसऱ्या प्रतीतले शेवटचे दोन फर्मे तिच्या हातचे आहेत. टाके किंचित सैल आहेत, ओळखू येतात. ती प्रत वाळपईची कुडाळला घेऊन जाणार आहे, तिने तीच मागितली.

आता जे पटलं नाही ते.

वेळ. दहा दिवस सांगितले होते, सोळा लागले. जूनच्या ओलीत खळ वाळत नाही, हे खरं. पुस्तक वजनाखाली ठेवून मधले कागद रोज बदलावे लागतात, आणि ओलं असताना काढलं तर पुठ्ठा वाकतो. हे सगळं मला मान्य आहे. पण उशीर होणार हे फोन करून कळवायला हवं होतं. पेडण्याची एकदा मैत्रिणीबरोबर ड्युटी बदलून, मोपाहून म्हापशाला भर पावसात आली आणि रिकाम्या हाताने परत गेली. काकांना हे मी तोंडावर सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, आणि पुढच्या वेळी आधी फोन केला.

दुसरं, कव्हरवरची अक्षरं. तापवून ठसा उमटवायची पितळी अक्षरं त्यांच्याकडे आहेत, वडिलांच्या काळातली, व्यापाऱ्यांच्या खतावण्या बांधायचे तेव्हाची. रोमन संच पूर्ण आहे, कारण प्रोजेक्टना तोच लागतो. देवनागरीतली अर्धी अक्षरं झिजली आहेत, काही नाहीतच. आम्हाला मराठीत सोनेरी नाव हवं होतं, ते झालं नाही. शेवटी पेडण्याच्या लिनोचा मांडाचा ठसा कागदावर घेऊन पुढे चिकटवला. छान दिसतो, पण मराठी पुस्तक घेऊन येणाऱ्याला मराठी अक्षरं मिळायला हवीत. हे मला मनापासून वाटतं.

खर्च: एका प्रतीला 480 रुपये, तीन प्रतींचे 1440, आणि कागद कापायचे 60. म्हणजे दहा सुंदर दिसणाऱ्या प्रतींना 1900 आणि तीन टिकणाऱ्यांना 1500. पहिल्यांदा ऐकल्यावर जास्त वाटलं होतं. एका माणसाला एक प्रत शिवताना बघितल्यावर कमी वाटलं. पहिल्या खेपेच्या उरलेल्या सात प्रतीही आम्ही एकेक करून तिथेच नेणार होतो, पण त्या जुजबंदीने होणार नाहीत, कारण पानं सुटी कापलेली आहेत. त्यांना कडेने टोचून शिवता येईल, मात्र मग त्या पूर्ण उघडणार नाहीत, हे त्यांनी आधीच सांगितलं. पैसे घेऊन गप्प बसता आलं असतं.

आणखी एक. प्रती हातात आल्या तेव्हा पुस्तकाच्या शेवटी एक फर्मा जास्तीचा होता, कोरा. चूक झाली असं मला वाटलं. काका म्हणाले, आजी आहे ना अजून? मग गाणी येत राहतील. त्या फर्म्याचे त्यांनी पैसे लावले नाहीत.

चवथीला आम्ही आजीकडे होतो. पुस्तक मखराच्या बाजूला पाटावर उघडं ठेवलं होतं, फुगडीच्या पानावर. पाच तास तसंच पडून होतं, पंख्याखाली, कोणी दगड ठेवला नाही की हात ठेवला नाही. सुना, पोरी येऊन वाकून बघून जात होत्या. एका छोट्या मुलीने त्याच्यावर पंचखाद्य सांडलं, ते फडक्याने पुसलं. आजीने स्वतःच्या लुगड्याच्या कव्हरवरून दोन-तीनदा हात फिरवला आणि विचारलं, हे मी कुठल्या चवथीला नेसले होते? कोणालाच आठवेना. कोऱ्या पानांपैकी पाच आता भरली आहेत, वाळपईच्या अक्षरात.

जाणाऱ्यांसाठी: शुक्रवारी जाऊ नका, बाजारामुळे त्या गल्लीत गाडी लावायला जागा मिळत नाही आणि काकांना बोलायला वेळ नसतो. छापण्याआधी जा, छापून झाल्यावर नको, कारण पानांची मांडणी फर्म्याप्रमाणे करावी लागते. कापड नेणार असाल तर सुतीच न्या, धुऊन, इस्त्री करून. पावसाळ्यात सांगितलेल्या तारखेत एक आठवडा मिळवा. आणि दुपारी दीड ते साडेतीन दुकान बंद असतं, तेव्हा फोन करू नका.