टायटल कंपनी की वकील? होलसेलिंगचा सौदा कोणाच्या टेबलावर न्यावा

अमेरिकेत होलसेलिंग म्हणजे घर न घेता घराचा करार विकणं. समजा, मालकाशी १,४०,००० डॉलरला करार केला, गुंतवणूकदाराला तो १,५२,००० ला दिला, तर मधले १२,००० आपले. पण ते हातात पडतात क्लोजिंगला, म्हणजे सह्या होऊन घर नावावर होतं आणि पैसे चुकते होतात तेव्हा. हे क्लोजिंग कुणाकडून करून घ्यायचं, यावर नवखे फार कमी विचार करतात.

काही राज्यांत निवड उरतच नाही. जॉर्जिया, साउथ कॅरोलायना, मॅसॅच्युसेट्समध्ये वकील लागतोच. टेक्सासात टायटल कंपनीचा, म्हणजे मालकीहक्क तपासून व्यवहार पार पाडणाऱ्या कंपनीचा, रिवाज. न्यू जर्सी मात्र दुभंगलेली: उत्तरेला, आपली माणसं जास्त आहेत त्या भागात, वकील, दक्षिणेला बरीचशी क्लोजिंग टायटल कंपनीतच उरकतात.

महाराष्ट्रात आपण वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट घेतो आणि पुढं देवावर हवाला ठेवतो. इथे टायटल कंपनी नुसता शोध घेऊन थांबत नाही, मालकीहक्काचा विमाही उतरवते, हप्ता एकदाच. इसाऱ्याचे पैसेही तिच्याच एस्क्रो खात्यात, म्हणजे सौदा पुरा होईपर्यंत त्रयस्थाकडे. ती तटस्थ असते, हे कौतुकानं सांगतात. तटस्थ म्हणजे तुमचीही नाही. 'हे कलम माझ्यावर उलटेल का?' असं विचारलंत तर एस्क्रो ऑफिसर गोड हसून गप्प बसेल, कारण कायद्याचा सल्ला देणं तिचं काम नाही.

फरक खरा कळतो तो टायटल कमिटमेंट, म्हणजे विमा कोणत्या अटींवर देऊ हे सांगणारा कंपनीचा कागद, हातात आल्यावर. बहुतेक राज्यांत त्यातल्या शेड्यूल बीच्या पहिल्या भागात अटींची यादी असते: मयत नवऱ्याच्या नावाचं प्रोबेट (वारसाहक्काचं कोर्टातलं काम), जुन्या कर्जाची उरलेली बाकी, माजलेलं गवत नगरपालिकेनं कापल्याचं थकलेलं बिल. टायटल कंपनी कर्ज आणि बिल क्लोजिंगच्या पैशांतून फेडून मोकळी होते. प्रोबेट मात्र 'आणून द्या' म्हणते. ते आणून देतो वकील. म्हणून वारसांत अडकलेलं घर असेल तर मी आधी त्याच्याकडे जातो. मात्र त्याला नेमकं विचारा, 'तुम्ही कोणाचे?' क्लोजिंग करणारा वकील पुष्कळदा कर्ज देणाऱ्या बँकेचा असतो.

खर्चाचं थोडक्यात: टेक्सासात विम्याचा दर राज्यच ठरवतं, तिथं घासाघीस फुकट. सौदा मोडला तर टायटल कंपनी बहुधा काही मागत नाही. तासावर काम करणाऱ्या वकिलाचं बिल येतंच.

नियम मात्र वकिलाकडूनच समजून घ्या. टेक्सासात २०१७ पासून, रिअल इस्टेटचा परवाना नसेल तर आपण घर नव्हे, करारातला हक्क विकतोय हे उघड सांगावं लागतं. इलिनॉयमध्ये बारा महिन्यांत एकाहून जास्त असे सौदे केले तर परवाना लागतो. मी कराराचा मसुदा वकिलाकडून एकदाच तपासून घेतला. साधे, स्वच्छ सौदे टायटल कंपनीकडेच देतो.

आपली फी, म्हणजे ते मधले पैसे, सेटलमेंट स्टेटमेंटवर (क्लोजिंगच्या हिशेबाच्या कागदावर) वेगळ्या ओळीत छापून येते. मालकीणबाईंनी तो आकडा टेबलावर पहिल्यांदाच पाहिला तर पेन खाली ठेवतात. तिथं डबल क्लोजिंग, म्हणजे आधी घर स्वतः घेऊन लगेच पुढे विकणं, बरं पडतं, पण मग खर्च दुप्पट. शिवाय शेवटच्या खरेदीदाराच्या पैशांतून पहिली खरेदी करायला बऱ्याच टायटल कंपन्या नकार देतात, म्हणजे एका दिवसाचं महागडं कर्ज आलं.

दोघांपैकी कुणाकडेही जाण्याआधी फोनवर विचारायचंच: असाइनमेंट, म्हणजे करार दुसऱ्याच्या नावे करून देण्याचे सौदे, करता का? माझ्या दुसऱ्याच सौद्यात मीही विचारलं होतं. क्लोजिंगच्या आदल्या दिवशी कळलं की तिथं असाइनमेंट चालत नाही. 'हो, करतो' म्हणाली होती ती रिसेप्शनवरची मुलगी. आता फाइल ज्याच्या हातात जाणार, त्याच्याकडूनच ईमेलवर लेखी घेतो.