पियानोटेक: पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंतचा अनुभव

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर पियानोटेक हे संगणकावर चालणारं पियानोचं सॉफ्टवेअर घेतलं. आता उन्हाळा लागला आणि ते अजून रोज चालू आहे, तेव्हा लिहायला हरकत नाही. ‘ग्रँड पियानोचं सॉफ्टवेअर घ्यायचंय, कोणतं घेऊ?’ हे विचारणारे बरेच जण भेटतात. त्यांना तोंडी सांगून सांगून थकलो, हेही एक कारण.

आधी माझं सामान सांगतो, कारण त्यावरच सगळं ठरतं. हातोड्यांचं वजन जाणवणारा ८८ पट्ट्यांचा डिजिटल पियानो, काही वर्षं जुना लॅपटॉप, साधा यूएसबी ऑडिओ इंटरफेस (लॅपटॉपचा आवाज हेडफोनपर्यंत नेणारी डबी) आणि मागून उघडे हेडफोन. राहतो ठाण्यात, दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये. स्टाइनवे कंपनीचा मोठा ग्रँड पियानो, मॉडेल डी, २७४ सेंटिमीटर लांब असतो. तो दिवाणखान्यात आणला तर आम्हाला जिन्यात झोपावं लागेल. जागा असती तरी इथली हवा आहेच. पावसाळ्यात साउंडबोर्डचं, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या तारांखालच्या फळीचं, लाकूड ओल धरतं, फुगतं, तारांचा ताण वाढतो आणि मधल्या सप्तकांचा सूर चढतो. हवा कोरडी झाली की तोच सूर खाली येतो. म्हणजे वर्षातून दोनदा तरी ट्यूनरला बोलावणं आलंच, आणि चांगल्या ट्यूनरची वेळ मिळवायची म्हणजे लग्नाच्या हॉलची तारीख मिळवण्यासारखं.

पियानोटेक फ्रान्समधल्या तुलूझच्या मोदार्त कंपनीचं. पहिली आवृत्ती २००६ ची. त्यामागचे फिलिप गियोम गणिताचे प्राध्यापक, आणि त्याआधी पियानो सुरात लावण्याचं काम केलेले. हे कळल्यावर बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. बहुतेक सॉफ्टवेअर पियानोंमध्ये खऱ्या वाद्याची प्रत्येक पट्टी हलक्यापासून जोरकस आघातापर्यंत रेकॉर्ड केलेली असते. अशा मोठ्या संचांना शंभर जीबीच्या वर जागा लागते. पियानोटेकमध्ये रेकॉर्डिंगच नाही. हातोडी तारेवर कशी आपटते, तार किती ताठ आहे, साउंडबोर्ड किती कंप घेतो, बाजूच्या मोकळ्या तारा कशा गुणगुणतात, हे सगळं तुम्ही पट्टी दाबता त्या क्षणी गणिताने काढलं जातं. पूर्ण प्रोग्राम काही डझन एमबीचा. डाउनलोड चहा उकळेपर्यंत संपतो.

आता मुद्दा. नुसतं ऐकायला बसलात तर चांगला रेकॉर्ड केलेला पियानो पहिल्या पाच मिनिटांत बाजी मारतो. त्यात हॉलची हवा असते, लाकडाचा वास म्हणावा असं काहीतरी असतं. माझ्याकडे तसाही एक संच आहे आणि कुणाला वाजवून दाखवायचं असेल तर अजूनही तोच उघडतो. रियाजाला मात्र पियानोटेक. कारण बोटाने जे केलं त्याचंच उत्तर मिळतं. हळूहळू जोर वाढवत एकच पट्टी वाजवा: रेकॉर्ड केलेल्या संचात हलक्या आघाताच्या रेकॉर्डिंगवरून जोरकस आघाताच्या रेकॉर्डिंगवर गेल्याची पायरी कधीकधी कानाला लागते, इथे रंग सलग बदलत जातो. डाव्या हाताने एक कॉर्ड आवाज न करता दाबून ठेवा आणि खर्जात एक स्वर तोडून वाजवा: दाबलेल्या तारा आपापले उपस्वर धरून राहतात. पेडल अर्धं सोडलं तर आवाज अर्धाच विरतो. त्यासाठी पेडल मात्र चालू-बंद एवढंच कळणारं नको, मधल्या जागा पाठवणारं हवं. स्वस्त चौकोनी पेडलवर हा पैसा अर्धा वाया.

लोक पियानोंच्या नावांवर तासन्‌तास वाद घालतात आणि वेलॉसिटी कर्व्हकडे, म्हणजे बोटाच्या किती जोराला किती आवाज हे ठरवणाऱ्या वक्ररेषेकडे, ढुंकूनही बघत नाहीत. मिडीवर (कीबोर्ड संगणकाशी ज्या भाषेत बोलतो ती) प्रत्येक आघाताला साधारणपणे १ ते १२७ मधला आकडा मिळतो. माझ्या कीबोर्डवर जीव खाऊन मारलं तरी शंभराच्या पुढे मुश्किलीने जायचं, त्यामुळे स्टाइनवेसुद्धा पांघरूण घातल्यासारखा वाजत होता. पियानोटेकमध्ये कीबोर्ड जुळवून घेण्याची सोय आहे: ते सांगेल तसं अगदी हळू, मध्यम, जोरात वाजवायचं आणि ते स्वतः वक्ररेषा आखून देतं. नंतर ती हाताने थोडी वाकवली. हे झाल्यावर वाद्य बदलल्याइतका फरक पडला. ‘आवाज प्लास्टिकसारखा आहे’ ही तक्रार करणाऱ्याला मी पहिला प्रश्न हाच विचारतो.

वाद्यं कोणती घ्यावीत? परवान्यासोबत मोजकेच संच निवडता येतात, बाकीचे काही स्वर मुके ठेवून चाखून बघता येतात. मी न्यूयॉर्कचा स्टाइनवे डी घेतला, कारण सगळं निभावतं. दुसरा ब्ल्यूथनर, आणि आता वाजतो तो बहुतेक हाच. मधल्या सप्तकांत तो गातो. हळू, मोकळ्या चालीच्या संगीताला त्याच्यासारखा नाही. बोझेनडॉर्फर २८०व्हीसीचा खर्ज भारदस्त आहे, पण मला हेडफोनवर दमवतो. पेट्रोफ बऱ्याच जणांना आवडतो. मला उजळ वाटला. बेखश्टाइन बाखसाठी छान, स्वर वेगवेगळे कळतात. हे सगळं माझ्या कानाचं आणि माझ्या हेडफोनचं मत. तार सप्तकाच्या वरच्या टोकाला अजून लाकडी टकटक थोडी कोरडी वाटते, हे मात्र कोणत्याही मॉडेलवर कमीजास्त जाणवतं. हातोडीचा कडकपणा किंचित कमी केला की सुसह्य होतं.

पियानोटेकमध्ये जुनी वाद्यंही आहेत, ऑस्ट्रियातल्या क्रेम्सएग किल्ल्यातल्या संग्रहावरून केलेली. १७९६ चा ब्रॉडवुड, १८४९ चा एरार वगैरे. जुन्या रचना त्या काळच्या वाद्यावर वाजवल्या की खर्जातला गजबजाट का लिहिला होता ते कळतं: ती वाद्यं मुळात इतकी घनगंभीर वाजतच नव्हती. माझा एक आख्खा रविवार यात गेला.

आणि एक गंमत, जी फ्रेंच मंडळींच्या डोक्यातही नसेल. स्टँडर्ड आवृत्तीत सुरांची लावणी बदलता येते. नेहमीच्या समान लावणीत शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर असतो (सेंट म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग), तानपुऱ्यातून ऐकू येणारा गंधार साधारण ३८६ वर. हा चौदा सेंटांचा फरक पेटीवाल्यांना चांगला ठाऊक आहे. मी काळी एक षड्ज धरून शुद्ध गुणोत्तरांची फाइल घातली, मोबाइलवर तानपुरा लावला आणि यमनाचे स्वर वाजवले. गंधार बसला! मींड अर्थातच नाही, तेव्हा पियानोवर राग वाजवायचा हट्ट मी धरत नाही. गायला बसलेल्या बहिणीला साथ देताना मात्र तिच्या कपाळावरची आठी गेली.

कोणती आवृत्ती? फक्त वाजवायचं असेल तर सर्वांत स्वस्त स्टेज पुरते. माइक कुठे ठेवायचा, हातोड्या किती कडक, तारा किती लांब (स्लायडर थेट १० मीटरपर्यंत जातो, पोरांना दाखवायला मस्त) हे हवं असेल तर स्टँडर्ड. हेडफोनवाल्यांसाठी बायनॉरल सोय कामाची: आवाज डोक्याच्या आत न राहता समोर येतो. प्रोमध्ये प्रत्येक स्वर वेगळा घडवता येतो. ते रेकॉर्डिंगवाल्यांनी बघावं. स्टेज घेऊन पुढे फरकाचे पैसे भरून वर जाता येतं, त्यामुळे घाई नाही. माझ्याकडून पैसे युरोत गेले आणि कार्डाने परकीय चलनाचं शुल्क वेगळं लावलं, तो आकडा हिशेबात धरा.

लॅपटॉपबद्दल: जागा लागत नाही, पण प्रोसेसर लागतो. ४८ किलोहर्ट्‌झला बफर (आवाज बाहेर पाठवण्याआधी साठवायचा तुकडा) १२८ ठेवला की त्यापुरता उशीर तीन मिलिसेकंदांच्याही आत राहतो आणि बोटाला काही जाणवत नाही. पेडल दाबून भरगच्च वाजवताना चरचर आली तर २५६ करा किंवा पॉलिफनी, म्हणजे एका वेळी वाजणाऱ्या स्वरांची मर्यादा, कमी करा. विंडोजवर असियो ड्रायव्हर (आवाजाचा उशीर कमी करणारा) वापराच. लॅपटॉप चार्जरवर असताना माझ्या इंटरफेसमधून गुणगुण यायची. केबल बदलल्यावर ती गेली, पियानोचा त्यात काही दोष नव्हता.

एक परवाना तीन मशिनवर चालतो. त्यातली एक जागा मी रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकासाठी राखून ठेवली आहे, कारण त्यावरही हे चालतं. तो छोटा डबा पियानोच्या खाली चिकटवून लॅपटॉपची कटकट संपवायचा विचार आहे. चाचणी आवृत्ती फुकट आहे, वीस मिनिटांनी थांबते आणि काही पट्ट्या मुक्या असतात. तरी आधी कर्व्ह जुळवा, मगच वाद्यं ऐकत सुटा.