ऑटोरन्स आणि प्रोसेस एक्स्प्लोरर : पीसीत लपलेला क्रिप्टो मायनर काढायला फुकटातली जोडी

आधीच सांगून टाकतो, नवीन अँटीव्हायरसला पैसे घालायच्या आधी मायक्रोसॉफ्टची ही दोन फुकट टूल्स वापरून बघा. ऑटोरन्सला माझ्याकडून पाचपैकी पाच, प्रोसेस एक्स्प्लोररला साडेतीन, दीड मार्क का कापला ते खाली येईलच. दोन्ही सिसइंटर्नल्स या कंपनीची, म्हणजे मार्क रुसिनोविचवाली, जी मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये विकत घेतली. इन्स्टॉल करायची भानगड नाही, झिप उघडा आणि राइट क्लिक करून रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर, बास.

केस नाशिकच्या मावशीकडची. तिचा फोन आला की अरे हा कॉम्प्युटर कोणी बसलेलं नसलं तरी घोंघावतो आणि तू म्हणाला होतास तसा आपोआप झोपत पण नाही. गल्लीतला रिपेअरवाला म्हणाला फॉरमॅट मारू आणि वर एक वर्षाचा अँटीव्हायरस टाकू. म्हणलं मावशी थांब, त्यात अण्णांचे सगळे हिशोब आहेत, मी येतोय शनिवारी.

आता हा मायनर म्हणजे काय तर तुमच्या प्रोसेसरवर दुसऱ्यासाठी डिजिटल नाणी काढणारा प्रोग्राम, आणि नाणं बहुतेक वेळा मोनेरो. बिटकॉइन घरच्या पीसीवर काढून काही हाती लागत नाही, पण मोनेरोने नोव्हेंबर २०१९ पासून रँडमएक्स नावाचा अल्गोरिदम घेतला जो साध्या सीपीयूवर नीट चालावा म्हणूनच बनवलाय, शिवाय कोणाचे पैसे कुठे गेले ते बाहेरून दिसत नाही, मग चोरांना अजून काय पाहिजे. आत चालणारं इंजिन बहुतेकदा एक्सएमरिग असतं, जे स्वतः ओपन सोर्स आणि एकदम कायदेशीर सॉफ्टवेअर आहे, कोणीही स्वतःच्या मशीनवर चालवू शकतो. बिल कोण भरतं एवढाच प्रश्न. हिशोब सोपा आहे, प्रोसेसरने ६५ वॅट जादा खाल्ले आणि चोवीस तास चालला तर दिवसाला दीड युनिटच्या वर, महिन्याला ४५-४७ युनिट. घर १०० युनिटच्या आत बसत असेल तर वरच्या स्लॅबमध्ये गेलंच समजा.

आता ओळखायचं कसं, तर इथेच सगळे फसतात. पंखा जोरात, म्हणून माणूस कंट्रोल शिफ्ट एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडतो, सीपीयू एक सेकंद ९० टक्के दिसतो न दिसतो तोच ५ टक्क्यांवर येतो आणि पंखा पण शांत. माणूस म्हणतो काही नाहीये. अहो, टास्क मॅनेजर उघडला की गप्प बसायचं हे मायनरला शिकवलेलंच असतं. बंद केला की परत सुरू. मावशीकडे अगदी हेच, आणि पंख्याचा आवाज ऐकूनच कळत होतं कधी काय चाललंय.

मग प्रोसेस एक्स्प्लोरर काढला, म्हणजे पीसीत आत्ता कुठकुठले प्रोग्राम (प्रोसेस) चालू आहेत ते टास्क मॅनेजरपेक्षा खोलात दाखवणारं टूल. तर काही मायनरच्या यादीत याचं पण नाव असतं! उघडला की तिकडे सामसूम. उपाय एकदम बावळट वाटेल असा आहे, फाइलचं नाव बदला. मी त्याचं नाव पुरणपोळी केलं आणि उघडलं, तर महाशय आरामात चालू, एक्स्प्लोरर नावाची एक प्रोसेस अर्धा सीपीयू खात बसलेली. खरा विंडोज एक्स्प्लोरर नुसत्या डेस्कटॉपवर एवढा कधीच खात नाही, आणि इथे खरा वेगळा चालू होता, हा दुसरा.

साडेतीन मार्क इथल्यामुळे. या टूलमध्ये ऑप्शन्समध्ये जाऊन व्हायरसटोटलचं (एकच फाइल अनेक अँटीव्हायरसकडून तपासून घेणारी साइट) चेकिंग ऑन करता येतं, मग प्रत्येक प्रोसेससमोर ७० च्या आसपास अँटीव्हायरस इंजिनांपैकी कितींना ती फाइल खराब वाटते तो आकडा येतो. ऐकायला भारी आहे आणि खूपदा कामाला पण येतं. पण ते तपासतं डिस्कवरची फाइल. हे मायनर करतात काय, विंडोजचीच खरी फाइल चालू करतात आणि मेमरीत तिचा आतला माल बदलून स्वतः आत बसतात. त्यामुळे समोर शून्य, डिजिटल सही मायक्रोसॉफ्टची, सगळं हिरवंगार. शून्य बघून खूश होऊ नका. त्या प्रोसेसवर डबल क्लिक करून टीसीपी आयपीचा टॅब बघा, एक्स्प्लोरर कुठल्यातरी परदेशी सर्व्हरच्या ३३३३ किंवा १४४४४ असल्या पोर्टला सतत चिकटून बसला असेल तर बोंब आहे. हे पोर्ट मायनिंग पूलवाले, म्हणजे अनेक मशीन्स जोडून नाणी काढणारे सर्व्हर, बरेचदा वापरतात. पण काही साध्या वेबसाइट्सच्या ४४३ पोर्टवरूनही जातात, म्हणून पोर्ट साधा दिसला म्हणजे सुटलो असं नाही.

ठीक, सापडला. मारला. परत आला. इथे नव्वद टक्के लोक हात टेकतात आणि फॉरमॅट मारतात. प्रोसेस मारून काही होत नाही, तिला परत उठवणारा कुठे बसलाय ते शोधायला लागतं, आणि त्यासाठी ऑटोरन्ससारखं दुसरं काही मी तरी पाहिलेलं नाही. विंडोज चालू होताना जे जे आपोआप उठतं ते सगळं एका यादीत दाखवतं, स्टार्टअप, सर्व्हिसेस, शेड्यूल्ड टास्क्स, अगदी डब्ल्यूएमआयचे (विंडोज सांभाळणारी आतली यंत्रणा) कोपरे सुद्धा. पहिल्यांदा उघडल्यावर यादी बघून घाम फुटतो, पण ऑप्शन्समध्ये हाइड मायक्रोसॉफ्ट एन्ट्रीज वर टिक केलं की गर्दी पांगते. सही नसलेल्या ओळी गुलाबी, फाइलच गायब असलेल्या पिवळ्या. गुलाबी म्हणजे चोरच असं नाही हां, प्रिंटरची जुनी सॉफ्टवेअरं पण गुलाबी येतात.

मावशीच्या पीसीत शेड्यूल्ड टास्क्समध्ये एक ओळ होती, गुगल अपडेट टास्क मशीन क्यूसी. वाचून कोणाला शंका येणार? गुगलच्या खऱ्या अपडेटच्या टास्कच्या शेवटी कोअर किंवा यूए असायचं, क्यूसी नाही. आणि फाइल होती प्रोग्राम फाइल्समध्ये गुगल, त्यात क्रोम, त्यात थेट अपडेटर, खरा क्रोम त्याच्या खाली अॅप्लिकेशन नावाच्या फोल्डरमध्ये राहतो. सगळ्यात मजा म्हणजे मावशीकडे क्रोम नाहीच, ती पहिल्यापासून एज वापरते. टिक काढली, गेलं. टिक काढली की ती एन्ट्री फक्त बंद होते, चुकून भलतंच बंद केलं तर परत टिक करता येते, म्हणून आधी डिलीट मारू नका.

पण फाइल उडवायच्या आधी एक काम, आणि हे कुठलंच टूल तुम्हाला बोंबलून सांगत नाही. विंडोज सिक्युरिटी उघडा, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, मॅनेज सेटिंग्ज, खाली एक्स्क्लूजन्स. तिथे अख्खा युझरचा फोल्डर आणि अख्खा प्रोग्राम फाइल्स टाकलेला होता. म्हणजे डिफेंडरला, विंडोजच्या स्वतःच्या अँटीव्हायरसला, सांगून ठेवलेलं की या दोन खोल्यांत डोकवायचंच नाही, मग बिचारा डिफेंडर ग्रीन टिक दाखवत बसणार नाहीतर काय. लोक डिफेंडरला शिव्या घालतात त्यातल्या निम्म्या इथे फेडल्या जातात. एक्स्क्लूजन्स काढली, नेटची वायर काढलेलीच होती, मग त्याच स्क्रीनवरच्या स्कॅन ऑप्शन्समधून डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन लावला, जो पीसी रीस्टार्ट करून विंडोज उठायच्या आधीच चालतो, चहा होईपर्यंत आटोपतो. त्याने अपडेटर पकडला, कॉइनमायनर असं स्वच्छ नाव देऊन. दुसरं मत म्हणून मालवेअरबाइट्स या दुसऱ्या अँटीव्हायरसचा फुकटवाला स्कॅन पण मारला, तेवढ्यासाठी तो चांगला आहे, ट्रायल संपली की आपोआप राखण करत नाही, स्कॅन आपण हाताने लावायचा.

उरलेला कचरा म्हणजे पॉवर सेटिंगमध्ये स्लीप नेव्हर करून ठेवलेलं, ते नीट केलं, आणि होस्ट्स फाइल (कुठल्या साइटचं नाव कुठल्या पत्त्यावर न्यायचं ते लिहिलेली विंडोजची फाइल) बघितली, कारण काही मायनर त्यात अँटीव्हायरसवाल्यांच्या साइट्स अडवून ठेवतात. विंडोज अपडेटच्या सर्व्हिसेस पण पाडलेल्या होत्या, त्या परत चालू केल्या. तुमच्याकडे हे सगळं करूनही अपडेट उठत नसेल तर मात्र जास्त झटापट करू नका, फायली बाजूला काढून रीसेट मारा. आणि बँकेचे, मेलचे पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदला, कारण मायनरसोबत पासवर्ड चोरणारा भाऊ पण बरेचदा येतो.

आला कुठून? चिरंजीवांनी, म्हणजे माझ्या मावसभावाने, गेम क्रॅक करून टाकलेला. विचारलं तर म्हणे, दादा अँटीव्हायरस बंद करून इन्स्टॉल कर असं तिथेच लिहिलेलं होतं! यात नवीन काही नाही, २०२१ मध्ये अवास्ट या अँटीव्हायरस कंपनीने क्रॅकोनॉश नावाचा मायनर उघडकीला आणला तो असाच जीटीए फाइव्ह, फार क्राय फाइव्हच्या क्रॅक कॉप्यांमधून पसरलेला, जगभरात २ लाख २२ हजार पीसी आणि त्यात भारतातले १३ हजारांच्या वर. विंडोज फुकटात अॅक्टिव्हेट करणाऱ्या टूल्सचं पण तेच. ब्राउझरमधला मायनर वेगळा, तो टॅब बंद केला की मरतो, त्यातलं मोठं नाव कॉइनहाइव्ह मार्च २०१९ मध्येच बंद पडलं, त्यासाठी यातलं काहीच करायला नको.

ऑटोरन्सबद्दल तक्रार एकच, दिसायला विंडोज एक्सपीच्या जमान्यातलं आहे, अक्षरं बारीक, मावशीच्या वयाच्या माणसाने एकट्याने वापरावं असं नाहीच, घरात कोणीतरी जाणकार बसलेला लागतो. आणि डाउनलोड फक्त मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्सच्या पानावरूनच, सर्चमध्ये वर येणाऱ्या भलत्या साइटवरून नको. झिपमध्ये बऱ्याच फायली निघतील, त्यातली Autoruns64 नावाची फाइल उघडायची.