ऑफरोड कव्हरचे पैसे घेतले, पॉलिसीत त्याचं नावच नाही

फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना जोर मिळणारी गाडी, मी हौसेखातर घेतली नाही. आमची आंब्याची कलमं गुहागर तालुक्यात, शेवटचा दीड किलोमीटर जांभ्याचा कच्चा रस्ता आणि मधे एक पऱ्या, म्हणजे ओढा, साधी गाडी तिथं जातच नाही. हे सगळं शोरूममधल्या पोराला आधीच सांगितलं होतं. तो म्हणाला, "दादा, मग ऑफरोड कव्हर घ्याच, पाणी, इंजिन, गिअरबॉक्स सगळं येतं त्यात, वर कंपनीची वॉरंटी आहेच, बिनधास्त घाला." १४,५०० रुपये दिले. पावतीवर नुसतं 'प्रोटेक्शन पॅकेज' लिहिलेलं, ते तेव्हाच विचारायला हवं होतं.

जुलैत बागेतनं येताना पऱ्याला अचानक पाणी चढलं, गाडी मध्यावर बंद पडली आणि चुलतभावानं घाबरून दोनतीनदा स्टार्टर मारला. शेवटी ट्रॅक्टरनं ओढून काढली. वर्कशॉपमध्ये फिटरनं एअर फिल्टर काढून माझ्या हातात दिला, दाबला तर गढूळ पाणी गळलं, आत आंब्याचं कुजकं पान अडकलेलं. हवा दाबली जाते पण पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे सिलिंडरात पाणी असताना स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो, तो म्हणाला. आमचा वाकलाच होता. खर्च १ लाख ८६ हजार.

वॉरंटीवाल्यांनी एका वाक्यात संपवलं, पाणी बाहेरून शिरलंय, हा बनावटीतला दोष नाही. विमा कंपनीचं पत्र आलं की हे कॉन्सिक्वेन्शियल लॉस, म्हणजे पाण्यातच स्टार्टर मारल्यामुळे नंतर झालेलं नुकसान, आणि साध्या पॉलिसीत ते धरत नाहीत. मग मी पॉलिसी उघडून बसलो. ॲड-ऑनमध्ये, म्हणजे जादा पैसे देऊन जोडलेल्या कव्हरांत, झिरो डेप आणि रोडसाइड असिस्टन्स, बस्स! इंजिन प्रोटेक्ट ही ओळच नाही, ऑफरोड हा शब्द तर कुठेच नाही. शोरूममध्ये जाऊन विचारलं तर तो पोरगा नोकरी सोडून गेलेला, मॅनेजर म्हणाला पॅकेज म्हणजे अंडरकोटिंग (गाडीच्या बुडाला गंज न लागण्याचा लेप) आणि पॉलिश. संताप संताप झाला.

बंपर टू बंपर म्हणून जे झिरो डेप विकतात त्यात फक्त बदललेल्या पार्टवरचा घसारा कापत नाहीत, इंजिनात पाणी गेलं तर त्याचा काही उपयोग नाही. इंजिन प्रोटेक्ट वेगळं घ्यावं लागतं, घेतलं असेल तर पॉलिसीत त्याची वेगळी ओळ दिसते, नाहीतर घेतलेलं नाही असंच समजा, तोंडी बोलणं क्लेमच्या वेळी कोणी ऐकत नाही. आणि पॉलिसी डीलरकडूनच घ्यायची सक्ती नाही हे मला तेव्हा माहीतच नव्हतं. गाडी पाण्यात बंद पडली तर स्टार्टरला हात लावू नका, ओढून बाहेर काढा.

विमा कंपनीशी भांडण असेल तर आधी त्यांच्याकडे लेखी तक्रार, महिन्यात उत्तर नाही आलं किंवा नाकारलं तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येतं, फी नाही. पण माझी फसवणूक शोरूमनं केली, म्हणून मी जिल्हा ग्राहक आयोगात जातोय, तिथं दोन वर्षांची मुदत असते आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. सोबत ती पावती आणि त्या पोराचा व्हॉट्सॲप मेसेज जोडलाय, "दादा पाणी कव्हर आहे, टेन्शन नको." तो मेसेज मी डिलीट केला नव्हता हेच नशीब.

गाडी अजून फणसाखाली ताडपत्री घालून उभी आहे. असलं पॅकेज कोणी घेतलं असेल तर आज रात्रीच पॉलिसी काढून ॲड-ऑनच्या ओळी वाचा, पाऊस सुरू व्हायच्या आत.