मोंते कासिनोची पायी सहल : लढाई कळते, माणसे निम्मीच कळतात

इटलीतील कासिनो गावातून निघणारी अर्ध्या दिवसाची एक पायी सहल मी मे महिन्यात केली. दुसऱ्या महायुद्धात, मे 1944 मध्ये जनरल व्लादिस्लाव आंडर्स यांच्या दुसऱ्या पोलिश कोरने (सैन्यदलाने) ज्या टेकड्यांवर लढा दिला, त्या टेकड्या ही सहल दाखवते. रणभूमी समजावून सांगण्यात ती उत्कृष्ट आहे, मात्र तिथे लढलेल्या माणसांच्या बाबतीत ती अपुरी पडते.

गाडीने मोंते कासिनोच्या ख्रिस्ती मठापर्यंत नेल्यावर पुढे आल्बानेता या पडक्या शेतवाडीकडे चालत जावे लागते. तिथे सुरुंगाने उडालेला एक शर्मन रणगाडा आजही उभा आहे आणि त्याच्यावर रणगाड्याच्याच साखळ्यांपासून घडवलेला क्रूस बसवलेला आहे. मी त्या साखळीवर हात ठेवला तेव्हा उन्हाने ती चांगलीच तापलेली होती. तिथून 593 क्रमांकाच्या टेकडीवर चढल्यावर मठ आपल्या पायाखाली दिसतो, आणि या टेकडीवरचे जर्मन छत्रीधारी सैनिक हटल्याशिवाय मठ ताब्यात का येत नव्हता, हे नकाशाविनाच उमगते. 11 मेच्या रात्री सुरू झालेला पहिला हल्ला कसा फसला, 17 तारखेला तीच माणसे पुन्हा त्याच उतारांवर कशी गेली आणि 18 मेच्या सकाळी मठावर पोलिश ध्वज कसा चढला, हे आमच्या गाईडने जागच्या जागी, दगड न् दगड दाखवत सांगितले. या लढाईत 923 पोलिश सैनिक मारले गेले. तो आकडा सांगून ती क्षणभर थांबली, ते मला फार भावले.

तक्रार आहे ती पुढची. हे सैनिक इटलीत आले कुठून, याबद्दल सहलीत जेमतेम दोन वाक्ये होती. सप्टेंबर 1939 मध्ये पोलंडवर पश्चिमेकडून जर्मनीने आणि पूर्वेकडून सोव्हिएत संघाने आक्रमण केले. या सैनिकांपैकी असंख्य जणांना सोव्हिएत तुरुंगांत आणि श्रमछावण्यांत डांबण्यात आले, 1941 च्या पोलिश-सोव्हिएत करारानंतर त्यांची सुटका झाली आणि 1942 मध्ये ते इराणमार्गे बाहेर पडले. त्यांच्यासोबत निघालेल्या बायकामुलांपैकी काही हजार जण पुढे कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत राहिले, हे मी सांगितले तेव्हा गाईडला ते नवीन होते. त्याहून खटकले ते याल्टा परिषदेबद्दलचे मौन. फेब्रुवारी 1945 मध्ये पोलंडचा पूर्व भाग सोव्हिएत संघाला देण्यावर ज्यांनी शिक्कामोर्तब केले, त्यात ब्रिटन आणि अमेरिका होते, म्हणजे ज्यांच्या खांद्याला खांदा लावून हे सैनिक लढले तेच देश. आंडर्स यांच्या अनेक सैनिकांची घरे त्याच भागात होती. एवढे कळल्याशिवाय 593 वरच्या पोलिश स्मारकस्तंभावरील ओळी कळत नाहीत: आमच्या आणि तुमच्या स्वातंत्र्यासाठी आम्ही आत्मा देवाला, देह इटलीच्या भूमीला आणि हृदय पोलंडला दिले.

पोलिश सैनिकांच्या दफनभूमीला तर अवघी वीस मिनिटे मिळाली, आणि हा या सहलीचा सर्वांत मोठा दोष आहे. हजाराहून अधिक कबरींच्या त्या पायऱ्यापायऱ्यांच्या रांगांत क्रुसांबरोबर यहुदी सैनिकांचे षट्कोनी तारेही आहेत. काही कबरींवर लाल-पांढऱ्या फिती बांधलेल्या होत्या, एका कबरीपाशी विझलेला काचेचा दिवा होता. मे 1970 मध्ये लंडनमध्ये निधन पावलेले आंडर्स यांनाही इथेच, आपल्या सैनिकांमध्ये पुरले आहे. मी दुसऱ्या रांगेची नावे वाचत होतो तोवर गाडीचा भोंगा वाजला.

तरीही 593 साठी ही सहल जरूर करावी. चढ खडकाळ असल्याने पकड असलेले बूट घालावेत, पाणी भरपूर घ्यावे, कारण वाटेत सावली फारशी नाही. परतीच्या गाडीतली जागा मात्र आधीच नाकारून ठेवावी, दफनभूमीत हवा तेवढा वेळ थांबावे आणि नंतर आपल्या सोयीने गावात उतरावे.