कागदावर नवं, हातात जुनं

मी वास्कोला राहतो. नौदलात असताना दाबोळीला डॉर्नियर विमानांवर वीस वर्षं काढली, निवृत्त झाल्यावर विमान देखभालीच्या एका लहान संस्थेत लागलो. बाहेरून येणारा प्रत्येक सुटा भाग तपासून आत घेताना तिथे माझी सही लागते. इंजिनाचे माउंट, म्हणजे इंजिन विमानाला धरून ठेवणारे रबर-धातूचे आधार, विकत घेताना आम्ही फसलो. पैसे मालकाचे गेले, पण सही माझी होती. म्हणून हे लिहायला बसलो.

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. ऐन हंगाम, आणि आमच्याकडच्या दोन इंजिनांच्या चार्टर विमानाचं डावं इंजिन खाली बसलेलं आढळलं. स्पिनर (प्रॉपेलरच्या मधली टोपी) काऊलिंगच्या, म्हणजे इंजिनावरच्या झाकणाच्या, रेषेखाली उतरला होता; बोट फिरवलं की पायरी लागायची. काऊलिंग उघडल्यावर कारण दिसलं. एका सीलमधून बारीक गळती होती आणि महिनोन्‌महिने तेल खालच्या माउंटवर ठिबकत होतं. रबर फुगून लिबलिबीत झालं होतं. एक माउंट गेला की उरलेल्यांवर वाढीव भार येतो, म्हणून त्या इंजिनाचा संपूर्ण संच बदलायचं ठरलं.

आमच्याकडे शिकायला आलेला फोंड्याचा एक मुलगा आहे. तो म्हणाला, "काका, एवढं काय त्यात? रबरच ना शेवटी?" त्याला तिथेच बसवून सांगितलं. प्रॉपेलर मिनिटाला १७०० फेरे घेत असेल तर सेकंदाला २८ च्या आसपास होतात. पाती तीन असतील तर पात्यांचे झटके सेकंदाला ८५. माउंटवर टांगलेल्या इंजिनाची स्वतःची डोलण्याची गती या आकड्यांच्या बरीच खाली असेल तरच रबर ते झटके गिळतं. रबर वयाने कडक झालं की ही गती वर सरकते आणि कंप थेट पंखात, केबिनमध्ये उतरतो. उलट फार नरम पडलं तर इंजिन लोंबतं, प्रॉपेलरची रेषा बिघडते.

अमेरिकेत १९५९ आणि १९६० साली लॉकहीड इलेक्ट्राची दोन विमानं हवेतच मोडली. चार टर्बोप्रॉप इंजिनांचं विमान, त्या काळचं अगदी नवं. इंजिनाच्या आधाराचा ताठपणा कमी झाला की प्रॉपेलर भोवऱ्यासारखा डुलू लागतो, ते डुलणं पंखाच्या कंपाशी जुळतं आणि पंख तुटतो, हे त्यानंतरच्या तपासात समजलं. दोन्ही अपघातांत मिळून ९७ माणसं गेली. इंजिन कशावर टांगलंय याला "रबरच ना" म्हणायची माझी हिंमत होत नाही.

आणि एवढं सगळं त्या पोराला सांगणारा मी, पुढच्याच आठवड्यात फसलो.

उत्पादकाच्या अधिकृत विक्रेत्याने दहा आठवडे सांगितले. विमान उभं, बुकिंगं घेतलेली, मालकाचे फोन सुरू. अशात एका दलालाचं नाव कानावर आलं. फोनवर माणूस फार गोड. "सर, माल मुंबईत पडून आहे. फॉर्मसकट परवा तुमच्या टेबलावर." किंमत तिसऱ्या हिश्श्याने कमी, अट एकच: सगळे पैसे आधी. स्वस्त का, असं विचारलं तर म्हणाला, एका कंपनीने विमान विकलं, त्यांचा जादा साठा आहे. असं खरोखर होतं, म्हणून मला ते पटलं.

तिसऱ्या दिवशी खोकं आलं. पार्ट नंबर बरोबर, धातूवर ताजा रंग, रबर काळंभोर, सोबत भाग वापरायोग्य असल्याचा दाखला, अमेरिकेचा ८१३०-३ फॉर्म. मी रकाना ७, ८, ९ वाचले. नाव, पार्ट नंबर, नग, सगळं जुळलं. सही केली. माउंट बसले, बोल्ट ठरलेल्या जोराने आवळले, जमिनीवर इंजिन चालवून पाहिलं.

दुसऱ्या उड्डाणानंतर कॅप्टनने लिहिलं की क्रूझला, म्हणजे उंचीवर स्थिर उडताना, केबिनमध्ये घुमल्यासारखा आवाज येतो. आम्ही प्रॉपेलरचा तोल तपासला, तो मर्यादेत होता. आवाज तसाच. मग डावीकडची काऊलिंग काढून टॉर्चने एकेक माउंट पाहिला. एका ठिकाणी रबर धातूपासून सुटत चाललं होतं, फटीत नख जात होतं. विमान जागेवरच थांबवलं आणि सगळे माउंट उतरवून टेबलावर मांडले.

मग जे दिसलं ते खोक्यातून काढतानाच दिसायला हवं होतं. धातूवरचा रंग रबराच्या कडेवर चढलेला, म्हणजे जुना भाग रंगवलेला. रबर तयार झाल्याची तिमाही आणि साल पाकिटावरच्या चिकटपट्टीवर ठळक, पण खुद्द रबरावरचा शिक्का घासून काढलेला. रबराचा कडकपणा मोजणारा शोर ए मीटर लावला तर एकाच संचातले आकडे ५१, ५८ आणि ६७. वेगवेगळ्या विमानांवरून, वेगवेगळ्या वयाचे उतरवलेले माउंट एकत्र करून संच म्हणून विकले होते.

मग फॉर्म पुन्हा काढला, या वेळी ओळ न् ओळ वाचायला. रकाना ११ मध्ये लिहिलं होतं 'न्यू'. नव्या बनवलेल्या भागाची सही डावीकडे, रकाना १३ मध्ये असते. उजवीकडचा रकाना १४ दुरुस्ती किंवा तपासणी करून परत सेवेत पाठवलेल्या भागासाठी असतो. आमच्या फॉर्मवर भाग नवा आणि सही उजवीकडे. हा विरोध कागदावर पहिल्या दिवसापासून होता. फॉर्मचा क्रमांक लिहून, तो फॉर्म देणाऱ्या संस्थेला ईमेल केला, दोन दिवसांत उत्तर आलं: क्रमांक त्यांचाच, पण तो फॉर्म दुसऱ्याच भागासाठी दिलेला. दोन दिवस! विमान तर दोन आठवडे उभं होतं.

विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या डीजीसीएला संशयित भाग म्हणून कळवलं, पोलिसांत तक्रार दिली. दलालाचा फोन लागत नाही.

खोट्या भागांचा धंदा लहान नाही. १९८९ मध्ये नॉर्वेच्या एका कॉन्व्हेअर ५८० विमानाचं शेपूट डेन्मार्कजवळ समुद्रावर तुटलं, ५५ जण गेले. तपासात शेपटातले बनावट बोल्ट सापडले, आणि तिथल्याच सहायक इंजिनाचा एक माउंट तुटलेला होता. हे मी नौदलातल्या वर्गात शिकलो होतो.

आता पैसे सोडण्याआधी फॉर्मची प्रत मागवतो आणि तो देणाऱ्याला स्वतः विचारतो. पत्ता-फोन फॉर्मवरून न घेता त्यांच्या अधिकृत यादीतून घेतो. दलाल प्रत द्यायला कुरकुरला की तिथेच विषय संपतो. रबराचं वय भागावरच्या शिक्क्यावरून धरतो. आयएसओ २२३० या रबर साठवणुकीच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार नैसर्गिक रबराचा साठवणुकीचा पहिला काळ पाच वर्षांचा, तोही थंड, कोरड्या, अंधाऱ्या जागी ठेवलं तर. आपल्याकडे जूनपासून भिंतीसुद्धा ओल्या असतात. माउंट काळ्या पिशवीत, एसीच्या खोलीत, कॉम्प्रेसर आणि वेल्डिंगपासून लांब ठेवतो, कारण विजेच्या ठिणग्यांतून होणारा ओझोन ताणलेल्या रबराला चिरा पाडतो. इंजिनावर बसवलेल्या माउंटला रॉकेल किंवा पेट्रोलचं फडकं कुणालाही लावू देत नाही. सौम्य साबण आणि पाणी पुरे. तेलाचा थेंब दिसला की आधी गळती बंद, मग बाकीचं. स्पिनरची पायरी दर तपासणीला मोजून वहीत लिहितो.

ते माउंट लाल चिठ्ठी लावून कुलपात ठेवलेत. त्यांच्यावर विमान १९ तास उडालं होतं. नंतर एकदा मी त्या उड्डाणांच्या प्रवासी याद्या काढून पाहिल्या. एका फेरीत दोन लहान मुलं होती.